पायापुढची रेघ

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींना मी आजही काका-काकू म्हणते, त्यामुळे माईकसमोर थोडं दडपण आहेच. चालायला मदत करणारी उपकरणं तयार करणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करते. आपल्या संस्थेत पार्किन्सन्सचे तीन रुग्ण आहेत. त्यातले एक माझे बाबा. त्यांना विचारूनच आज बोलते आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, म्हणून हे नाव. आपल्याकडे कंपवात म्हणतात. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाली मंदावतात. हाताचा कंप चारचौघांत दिसतो, पण घरच्यांना जास्त धास्ती असते ती पाय अडकण्याची. माणूस चालता चालता एकदम थांबतो, तळवे जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दाराचा उंबरठा, वळण, अरुंद जागा आणि घाई, इथे हे जास्त होतं. अंग पुढे झुकतं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुढे काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता गंमत बघा. सपाट जमिनीवर अडकणारा हाच माणूस पुष्कळदा जिना मात्र बिनबोभाट चढतो. शेजारच्यांना वाटतं, 'काका नाटक तर करत नाहीत ना?' नाटक नाही हो. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करत नाही, ते आपोआप होतं. या आजारात ते 'आपोआप'च बिघडतं. पायात ताकद असते, पण सुरुवात करून देणारा आतला इशारा मिळत नाही. पायरीसारखं काही डोळ्यांना दिसलं, की मेंदू लक्ष देऊन, वेगळ्या वाटेने पाऊल उचलतो.

लंडनचेच मज्जाविकारतज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली हे नीट मांडलं. चालण्याच्या दिशेला आडव्या रेघा जमिनीवर मारल्या, तर रुग्ण त्या ओलांडत चालतात. दिशेला समांतर रेघांचा तसा उपयोग होत नाही. आपल्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनी पार्किन्सन्स झालेल्या आपल्या काकांसाठी जमिनीवर जिन्याचा आभास करणारं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून सहज चालत गेले. त्याविषयीचं त्यांचं भाषण जगभर पाहिलं गेलं आहे.

घरात रेघा मारता येतात. पण भाजी मंडईत, बँकेत, देवळात काय करायचं? म्हणून रेघच सोबत न्यायची, ही कल्पना. लेझरची रेघ टाकणाऱ्या काठ्या मिळतात, पण हात थरथरला की रेघही थरथरते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लेझर बुटांवर बसवला. एक पाय टेकला की त्या बुटातून दुसऱ्या पायापुढे रेघ पडते. ती ओलांडली की पुढची. २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २१ रुग्ण होते. औषधाचा असर नसताना पाय अडकण्याचे प्रसंग सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. ही चाचणी प्रयोगशाळेतली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

कारण बाहेर पडलं की खरी परीक्षा सुरू होते. भर उन्हात लाल रेघ दिसत नाही. हिरवी जास्त उठून दिसते, पण तीही हवी तेवढी प्रखर करता येत नाही, समोर लहान मूल आलं तर त्याच्या डोळ्यांचा प्रश्न असतो. पट्ट्यावर यंत्र लावलं तर माणूस वाकला की रेघ पायाशी येते. चष्म्याच्या काचेवर रेघ दाखवता येते, पण ती दिसायची खिडकी लहान, आणि रुग्णाला बघायची असते जमीन. रेघ सतत चालू ठेवली तर नजरेला तिची सवय होते, शिवाय बॅटरी उतरते. म्हणून घोट्याजवळ संवेदक लावतात. पाय अडकतो तेव्हा पुष्कळदा तो सेकंदाला ३ ते ८ वेळा थरथरतो; चालण्याची लय त्याहून संथ असते. त्यावरून यंत्राला कळतं. पण न थरथरता नुसताच खिळलेला पाय? बाबा रांगेत उभे आहेत की अडकले आहेत, हे ओळखणं अजून अवघड आहे.

आणि एक अडचण संवेदकाला कळतच नाही. पहिला नमुना पाहून बाबा म्हणाले, "हे घालून खाली गेलो तर पोरं जमतील बघायला." म्हणून आता आमचा अर्धा वेळ ते यंत्र साध्या बुटात लपवण्यात जातो. जे घालायची लाज वाटते, ते कपाटातच राहतं.

यंत्राने आजार बरा होत नाही, आणि प्रत्येकाला रेघेचा उपयोग होतोच असंही नाही. डॉक्टरांचा आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेऊनच ते वापरायचं. पण यंत्र तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्या बाबांची, काकांची रोजची अडचणीची जागा आहे लिफ्टचं दार. मागून कुणीतरी म्हणतं, "चला काका, लवकर!" आणि पाय आणखीच खिळतात. अशा वेळी हात धरून ओढू नका. थांबा. आपला पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवा आणि म्हणा, "माझ्या पायावरून पलीकडे टाका पाऊल." पुष्कळदा तेवढंच पुरतं.

कार्यकारिणीला माझी दोन गोष्टींची विनंती आहे. लिफ्टचं दार थोडा जास्त वेळ उघडं राहील असं करून घ्यावं. आणि तळमजल्यावर लिफ्टपुढे, पावलापावलाच्या अंतरावर, न घसरणाऱ्या रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवाव्यात. अंतर मी आणि फिजिओथेरपिस्ट मिळून मोजून देऊ. नव्या ग्रॅनाइटची शोभा जाईल, असं काहींचं म्हणणं माझ्या कानावर आलंय. त्यांचंही ऐकून घेऊ. पण पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय जरूर घ्यावा. पट्ट्यांचा खर्च मी देईन. मंजुरी मात्र सर्वांची हवी.