सरड्याच्या निमित्ताने नरखेडात
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 सरीसृपांच्या अभ्यासकांच्या परिषदा नागपूर-पुण्याला भरतात. आपण नरखेडला आलात, हा मान तालुका विसरणार नाही.

आपण उतरलात ते नागपूर-इटारसी मार्गावरचे आमचे जंक्शन. अमरावतीची लाइन इथूनच फुटते. मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावलेली वर्धा आमची सीमा आखत जाते. जलालखेड्याला जाम नदी तिला भेटते आणि पलीकडच्या काठावर आमनेरचा किल्ला उभा आहे. संत्र्याचे मी काय सांगावे! मृग बहाराची तोडणी सुरू आहे, वास आपल्यापर्यंत आलाच असेल.

पण मोवाडबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नागपूरची नगरपालिका 1864 ची. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1867 साली, वर्धेकाठच्या या छोट्या गावाला नगरपालिका मिळाली. तेव्हा आमचा सारा मुलूख काटोल तहसिलीत मोडत होता. दीडशे वर्षांहून जुनी ही संस्था म्हणजे माझ्या अभिमानाचा विषय आहे. 30 जुलै 1991 रोजी वर्धेला पूर आला आणि मोवाड वाहून गेले. दोनशेहून अधिक माणसे गेली. गाव नव्या जागी वसवावे लागले. नगरपालिका मात्र त्याच नावाने टिकली. जागा बदलली तरी वंश तुटत नाही, हे आम्ही मोवाडकडून शिकलो.

आपला विषयही वंशाचाच आहे. मी बागायतदार माणूस. तयारी करताना जाणकारांना विचारून जे समजले ते सांगतो, चुकले तर सांभाळून घ्यावे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो. तो गोलाकार असतो, त्यावर साधारण 37 जनुके असतात आणि तो आईकडूनच येतो. लेक सासरी जाते, आडनाव बदलते. पण तिच्या आजीची ही ठेव तिच्याबरोबर जाते आणि नातवंडांत उतरते. मला हे फार मोठे वाटले.

या जनुकांचा क्रमही इतिहास सांगतो. नागपूरहून येताना कळमेश्वर, काटोल, नरखेड अशी स्टेशने लागतात. पाठीचा कणा असलेल्या बहुतेक प्राण्यांत आयसोल्युसिन, ग्लुटामिन आणि मेथिओनिन यांच्या टीआरएनएची जनुके अशीच एका ठरलेल्या क्रमाने येतात. सरड्याच्या आणि शॅमेलिऑनच्या कुळांत मात्र पहिल्या दोघांची अदलाबदल झालेली आहे; जणू काटोल आधी आणि कळमेश्वर नंतर. असा बदल वारंवार घडत नाही. म्हणून ही अदलाबदल ज्यांच्यात आढळते, ते एकाच पूर्वजाचे, असे आपण अभ्यासक म्हणता.

आणखी एक गोष्ट मराठी माणूस म्हणून सांगतो. 2016 साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंख्यासारखा गळा फुलवणाऱ्या सरड्यांचा अभ्यास करून एक नवी प्रजाती मांडली आणि तिला आपला मराठी शब्दच दिला, ‘सरडा’. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा ‘सरडा सुपर्बा’ आज जगाच्या शास्त्रात मराठी नावाने ओळखला जातो. 2014 साली सातपुड्यातल्या एका ठिपकेदार पालीलाही सातपुड्याचेच नाव मिळाले. हा डोंगर आमच्या दारातला आहे.

माझ्या बागेत बोर्डो पेस्ट लावलेल्या संत्र्याच्या बुंध्यावर सरडा ऊन खात बसतो. मृगाच्या सुमारास नराचे डोके आणि गळा लालभडक होतो, मान वर-खाली हलते. लहानपणी आम्ही त्याला दगड मारत होतो, याची आज खंत वाटते. तो पानांवरचे किडे टिपतो, एवढे तरी आता पोरांना सांगतो.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्या मी मोकळ्या मनाने कबूल करतो. काल रात्री गाद्या कमी पडल्या आणि काही पाहुण्यांना सतरंजीवर झोपावे लागले. पहाटे आंघोळीचे गरम पाणी उशिरा पोहोचले. पडद्यावरच्या चित्रांसाठी जनरेटर तयार ठेवला आहे, तरी वीज गेली तर दोन मिनिटे धीर धरावा. जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, पाटोडी आणि सांबारवडी आहे. तिखट कमी हवे असल्यास वाढणाऱ्या भगिनींना सांगावे, संकोच करू नये.

ज्या बागायतदारांनी तोडणीचे दिवस असूनही पेट्याच्या पेट्या पाठवल्या, ज्या आडत्यांनी मंडप आणि वाहनांचा भार उचलला, ज्या बचत गटांनी पहाटे तीनला चूल पेटवली, ज्या घरांनी पाहुण्यांसाठी आपली माडी मोकळी केली आणि ज्या शाळकरी मुलांनी मैदान झाडून रांगोळ्या काढल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. नाव घेतले नाही म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नये.

उद्या सकाळी दहाच्या सुमारास, ऊन चढले की, बागेत या. बुंध्यावर तो सरडा बसलेला असेल. आणि परतीच्या आधी एकदा मोवाडला जाऊन या, एवढीच या यजमानाची विनंती.

जय हिंद! जय महाराष्ट्र!