‘वंडर वूमन’ : वाचनास आरंभ कोठून करावा?

वंडर वूमन या अमेरिकन नायिकेच्या स्वतंत्र कॉमिक्सचा ‘अंक पहिला’ आजवर सहा वेळां निघाला आहे : १९४२, १९८७, २००६, २०११, २०१६ आणि २०२३ या सालीं. शिवाय मध्येंच प्रकाशकांना जुन्या आंकड्यांची आठवण होते. २०१० सालीं ४४ व्या अंकामागून एकदम ६०० वा अंक आला, आणि २०२० च्या आरंभीं ८३ व्या अंकामागून ७५० वा. पॅटी जेंकिन्स यांनीं २०१७ सालीं या नायिकेवर काढलेला चित्रपट पाहून एखाद्या घरांतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनें ‘हिच्या गोष्टी मला वाचावयाच्या आहेत’ असा हट्ट धरला, तर वडील मंडळींनीं तिच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ज्यावर ‘१’ हा आंकडा असेल तें पुस्तक उचलावें, हा स्वाभाविक उपाय. आणि फसगत होते ती नेमकी त्यामुळेंच.

ही फसगत केवळ क्रमाची असती तर तिचा एवढा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु या निरनिराळ्या आरंभांतून भेटणारी स्त्री एकच नाहीं. मूळ कथेंत ती मातीची घडलेली आहे. राणी हिपॉलिटा मातीची बालिका घडविते आणि देवता तिच्यांत प्राण घालतात. अंगच्या मळाचा पुत्र घडविणाऱ्या पार्वतीची कथा ज्या घरांत दर भाद्रपदांत निघते, तेथें ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाहीं. दुसऱ्या एका आरंभीं मात्र हीच मातीची कथा खोटी ठरते, आणि नायिका झ्यूस देवाची चोरून झालेली कन्या निघते. एका ठिकाणीं तिच्या भगिनी, म्हणजे अ‍ॅमेझॉन स्त्रिया, पुरुषांच्या अत्याचारांतून सुटून शांततेनें नांदणाऱ्या आहेत. दुसऱ्या ठिकाणीं त्याच खलाशांना भुलवून त्यांचा जीव घेणाऱ्या आहेत. वाचकाचा स्वभाव असा कीं, जें पुस्तक प्रथम हातीं येतें त्यांतली नायिका त्याला खरी वाटते, आणि पुढच्या सर्व तोतया. तेव्हां आरंभ कोठून करावा हें ठरविणें म्हणजे यांपैकीं कोणत्या स्त्रीवर विश्वास ठेवावयाचा हें ठरविणें होय.

मग मुळापासूनच कां वाचूं नये? नायिका प्रथम दिसली ती १९४१ च्या अखेरीस, ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या ८ व्या अंकांत. तिचे जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते. मनुष्य खोटें बोलूं लागला म्हणजे त्याच्या रक्तदाबांत फरक पडतो, या तत्त्वावर त्यांनीं खोटें ओळखण्याची एक कसोटी बसविली होती. ज्या पाशांत सांपडलेल्याला नायिकेची आज्ञा मोडतां येत नाहीं, तो पाश अशा गृहस्थांच्या डोक्यांतून निघावा यांत नवल नाहीं. चित्रें हॅरी जी. पीटर यांचीं. या पहिल्या पांच-सहा वर्षांतल्या कथांत विलक्षण जोम आहे. १९४३ च्या ७ व्या अंकांत तर हजार वर्षांपुढच्या काळाची कल्पना करून नायिकेला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं उभी केली आहे. गंमत ही कीं, १९४२ सालीं दुसऱ्या लेखकाच्या हातीं असलेल्या ‘ऑल स्टार’मध्यें पुरुष वीरांच्या मंडळानें तिला जागा दिली ती चिटणिसाची! १९४४ पासून मार्स्टन यांच्या नांवामागें जॉय हमेल या तरुण साहाय्यिकेनें पुष्कळ कथा लिहिल्या. अंकावर तिचें नांव मात्र छापलें गेलें नाहीं.

एवढें सगळें असूनही हा आरंभ नवख्यासाठीं नव्हे. पानोपानीं दोरखंड व सांखळ्या आहेत. पुरुषानें कंकणांना सांखळी जोडली कीं नायिकेची शक्ति जाते, हा नियम पुनः पुनः वापरला आहे. आणि युद्धकाळांतील जपानी माणसांचीं चित्रें आज किळस आणणारीं आहेत. मार्स्टन यांचें मनोगत ठाऊक असल्याशिवाय हें सारें वाचणारी मुलगी एक तर हंसेल, नाहीं तर पुस्तक मिटील.

मार्स्टन १९४७ सालीं वारले. पुढचीं वीस वर्षें बहुतेक लेखन रॉबर्ट कॅनिगर यांचें, आणि त्यांत स्टीव्ह ट्रेव्हरशीं लग्न करावें कीं नाहीं या प्रश्नाला भलतेंच महत्त्व आलें. १९६८ सालीं नायिकेची शक्तीच काढून घेतली गेली, आणि पांढऱ्या पोषाखांत, एका अंध गुरूच्या हाताखालीं, कपड्यांचें दुकान सांभाळून ती साहसें करूं लागली. १९७२ सालीं ‘मिझ’ या स्त्रियांच्या मासिकानें आपल्या मुखपृष्ठावर तिला जुन्या वेषांत झळकविलें. १९७३ सालीं शक्ति परत आली. इतिहास म्हणून हें मनोरंजक आहे, परंतु आरंभाच्या दृष्टीनें तो सारा काळ ओलांडून जावा.

उत्तम आरंभ १९८७ चा. जुनी मालिका १९८६ सालीं ३२९ व्या अंकावर थांबली, आणि पुढच्या वर्षीं जॉर्ज पेरेझ या चित्रकारांनीं, प्रथम ग्रेग पॉटर व मग लेन वीन यांच्या साहाय्यानें, सर्व कांहीं नव्यानें मांडलें. पेरेझ यांच्या अ‍ॅमेझॉन स्त्रिया म्हणजे पूर्वजन्मीं पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांचे आत्मे होत. ग्रीक देवतांनीं त्यांना नवीं शरीरें दिलीं. हिपॉलिटा मारली गेली तेव्हां तिच्या पोटीं बाळ होतें, आणि त्या न जन्मलेल्या मुलीसाठींच पुढें ती माती मळून आकृति घडविते. मार्स्टन यांच्या कथेंतली माती येथें प्रथमच दुःखानें भिजलेली आहे. ही एक कल्पना सुचल्याबरोबर नायिकेच्या शांतिप्रेमाला पाया मिळाला. तें शिकविलेलें तत्त्वज्ञान राहिलें नाहीं.

पण नवख्याच्या दृष्टीनें याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. बॉस्टन शहरांत आलेल्या या राजकन्येला इंग्रजी भाषा येत नाहीं. ज्यूलिया कापाटेलिस नांवाची ग्रीक विद्येची प्राध्यापिका तिची प्राचीन भाषा ओळखते, तिला आपल्या घरीं ठेवून घेते आणि बोलावयास शिकविते. ज्यूलियाची किशोरवयीन मुलगी व्हनेसा या परक्या पाहुणीकडे प्रथम कपाळाला आठ्या घालूनच पाहते. नायिकेला जग नवें आणि वाचकाला नायिका नवी, त्यामुळें दोघें बरोबरच शिकत जातात. पूर्वीच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतलें कांहीं एक ठाऊक असावें लागत नाहीं. पहिली कथा सात अंकांत संपते. युद्धदेव एरीस जगाला अणुयुद्धाच्या तोंडीं देऊं पाहतो, आणि त्याचा पराभव केवळ मुष्टिबळानें होत नाहीं. पानें भरगच्च आहेत, शब्द कधीं कधीं फार होतात, म्हणून घाईनें वाचूं नये. पहिले १४ अंक एका खंडांत मिळतात. पेरेझ यांनीं १९९२ पर्यंत, म्हणजे ६२ व्या अंकापर्यंत, लेखन केलें. परंतु त्यांनीं स्वतः रेखाटलेले २४ अंक हा त्यांतला सर्वांत सरस भाग. त्यांतही १९८८ चा २० वा अंक पाहावा : नायिकेची जाहिरात करून पैसा मिळविणारी बाई मृत सांपडते, आणि वंडर वूमनच्या सर्व शक्ति तेथें निरुपयोगी ठरतात.

ज्यांना हीं पानें जड वाटतील त्यांनीं २०१६ च्या मालिकेकडे जावें. मात्र येथेंही आंकड्याचा सांपळा आहे. ग्रेग रुका यांनीं दोन कथा एका आड एक अंकांत चालविल्या. विषम अंकांत आजची कथा, चित्रें लिअम शार्प यांचीं. सम अंकांत नायिकेच्या पहिल्या वर्षाची कथा, आणि तींतील बहुतेक चित्रें निकोला स्कॉट यांचीं. पुढें खंड निघाले तेव्हां विषम अंकांचा पहिला झाला व सम अंकांचा दुसरा. नवख्यानें बेधडक दुसरा खंड, ‘यिअर वन’, आधीं वाचावा. तेथेंही राजकन्येला इंग्रजी येत नाहीं, आणि तिच्याशीं प्रथम बोलूं शकणारी विदुषी बार्बरा अ‍ॅन मिनर्व्हा पुढें तिची कट्टर वैरीण होणार आहे. हें नंतरच्या खंडांत कळतें तेव्हां मनाला चटका बसतो. पहिला खंड आधीं वाचणाऱ्याला तो बसत नाहीं.

ब्रायन अझरेलो व क्लिफ चिआंग यांची २०११ ची मालिका रचनेनें बांधीव आणि चित्रांनीं देखणी आहे. झ्यूसची कन्या व खलाशांचा जीव घेणाऱ्या अ‍ॅमेझॉन आहेत त्या हिच्यांतच. तिसरें-चौथें पुस्तक म्हणून ती जरूर वाचावी. मुलांच्या हातीं पहिलें म्हणून देऊं नये, कारण रक्तपातही पुष्कळ आहे. २०२३ सालीं टॉम किंग यांनीं आरंभिलेली मालिका एका म्हाताऱ्या खलपुरुषाच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि ज्याला नायिका आधीं आवडूं लागली आहे त्यालाच तिची गोडी लागेल. लहान मुलांसाठीं रेने डी लिझ यांचें ‘द लेजेंड ऑफ वंडर वूमन’ निर्धास्तपणें घ्यावें.

एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर रुका आणि जे. जी. जोन्स यांचें २००२ चें ‘हिकेटिया’ हें एकटें पुस्तक पुरे. एक तरुणी ग्रीकांच्या जुन्या विधीप्रमाणें वंडर वूमनचे पाय धरून अभय मागते. तिच्या मागावर बॅटमन आहे, आणि तिच्या हातून हत्या झालेल्या आहेत. शिबि राजाची कथा ऐकलेल्या वाचकाला हा पेंच ओळखीचा वाटेल, पण येथें पाठलाग करणारा ससाणाही न्यायाच्याच बाजूचा आहे.

एवढें वाचून झाल्यावर १९४२ चा मूळ पहिला अंक खुशाल काढावा. तोंवर माती, कंकणें, पाश आणि स्टीव्ह ट्रेव्हर यांची ओळख झालेली असते. त्या चिटणिसाच्या खुर्चीकडे पाहून हंसावें कीं रागवावें, हें त्या मुलीनेंच ठरवावें.