स्कूटी पेट्रोल जास्त पिते?
गेवराई असो की केज, गटाचा माल स्कूटीवरच बाजारात जातो. ॲव्हरेज घसरलं की नफाच घटतो.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाला, आणि बहुतेक नव्या स्कूटींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनाचा ताप एक सेन्सर मोजतो. त्यानं गरम इंजिनही गार सांगितलं, तर पेट्रोल जादा सुटतं.

म्हणून आम्ही म्हणतो, महागडा ईसीयू बदलण्याआधी मेस्त्रींना सेन्सर तपासायला सांगा. चावी बंद, इंजिन गार. सेन्सरचा प्लग काढून मल्टीमीटरवर ओहम मोजायचे. इंजिन तापवून, बंद करून पुन्हा मोजायचे. आकडा बराच उतरायला हवा. जागचा हललाच नाही, तर सेन्सर गेला. उतरला, तर सर्व्हिस पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा, वायरही तपासा. आपण शेजारी उभं राहून दोन्ही आकडे वहीत लिहू या.