कुंपणच जेव्हा शेत खाते

शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजा आला तो रुग्णासाठी नव्हे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. इसवी सन १८८९ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका काम करीत असे. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्लोराइडने तिच्या हातांची त्वचा सोलवटून निघाली. काम सोडण्याचीच पाळी आली, तेव्हा शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे १८९० मध्ये ती दोघे विवाहबद्ध झाली.

हाताचे रक्षण करण्यासाठी जन्मलेला हा हातमोजाच पुढे कित्येकांच्या हातांना बाधू लागला. मात्र ही बाधा एकाच जातीची नसते. हातमोज्यात कोंडलेला घाम आणि नीट न धुतला गेलेला साबण यांनी त्वचा नुसतीच कोरडी पडते, चरचरते. हे खरे वावडे नव्हे. दुसरी बाधा रबर पक्के करताना त्यात घातलेल्या थायुराम, कार्बामेट यांसारख्या रसायनांची. ती एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ घेऊन येते. तिसरी रबराच्या झाडाच्या चिकातील प्रथिनांची. ती काही मिनिटांतच उठते. अंगावर गांधी येतात, शिंका येतात, दम लागतो, क्वचित प्राणावरही बेतते. हातमोज्यातील पिठाबरोबर ही प्रथिने हवेत उडतात, म्हणून २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेने पीठ लावलेल्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घातली.

पुरळ उठताच हातमोजा फेकून देणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास रक्ताचा किंवा तीव्र रसायनाचा उघड्या हातांना स्पर्श होतो. मुकाट्याने सोसणे तर त्याहून वाईट. बाधा कशाची, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून रसायनांचे वावडे ओळखता येते. प्रथिनांचे वावडे ओळखण्याची परीक्षा निराळी. चिकाचे वावडे असणाऱ्यास नायट्राइलचा हातमोजा चालतो. परंतु त्यातही तीच रसायने असू शकतात, म्हणून रसायनांचे वावडे असणाऱ्याने ती न घातलेला हातमोजा पाहून घ्यावा.

परिचारिका असो, सफाई कामगार असो, हात हेच त्यांचे पोट. त्यांच्या हातांवरील पुरळ ही नाजूकपणाची तक्रार समजून मालकाने हसण्यावारी नेऊ नये. हॅम्प्टनबाईंच्या हातांची दखल घेतली गेली, म्हणूनच हातमोजा शस्त्रक्रियागृहात आला.