दाढ काढण्यापूर्वी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



दाढ दुखली की लवंगेचे तेल लावावयाचे व असह्य झाली की उपटून टाकावयाची, ही आपल्या घरांतील जुनी रीत. तिच्यापायी माझ्या मातोश्रींच्या वाचण्याजोग्या दाढा गेल्या आणि उतारवयात त्यांना भाकरी दुधात कुसकरून खावी लागली.

दातावरील कठीण कवच, म्हणजे एनॅमल, एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. म्हणून कीड लहान असतानाच ती कोरून खळगा भरून घ्यावा. कीड आतील नसेपर्यंत पोचली, तरी बहुधा मुळातील नलिका स्वच्छ करून भरता येतात व वर टोपी बसविता येते. दात गेलाच, तर कवळी, शेजारच्या दातांच्या आधाराने बसविलेला ब्रिज, किंवा १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी प्रथम रुग्णाच्या जबड्यात बसविला तसा टायटॅनियमचा स्क्रू, असे मार्ग आहेत. परंतु ते खर्चाचे, आणि स्वतःच्या दाताची सर त्यांना नाही.

मातांना एक विनंती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे जी दाढ येते, ती कायमची असते. ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून तिची उपेक्षा करू नये. आज घरी गेल्यावर मुलांची तोंडे उजेडात एकदा पाहावीत, इतके सांगून आपली रजा घेतो.