बंक जॉन्सनची दुसरी बाजू

जुन्या कलेचे चाहते जुन्या कलावंतावर फार माया करतात. पण त्या मायेतही कधी कधी जबरदस्ती असते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवादक बंक जॉन्सन याच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हे जाणवतं.

जॅझचा आद्य वादक मानल्या जाणाऱ्या बडी बोल्डनचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. बंक सांगायचा, ‘मी त्याच्या जोडीने वाजवलंय.’ आपलं जन्मसाल तो १८७९ सांगे. संशोधक मात्र ते दहा वर्षं पुढे नेतात. १९३१ साली एका नाचाच्या कार्यक्रमात हल्ला झाला, बँडचा प्रमुख मारला गेला आणि बंकचा ट्रम्पेट मोडला. पुढे दातही गेले. ओठांना मागून दातांचा आधार नसेल, तर ट्रम्पेट फुंकायचा कसा? न्यू आयबेरिया गावात मिळेल ते काम करून तो दिवस काढू लागला.

जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांनी १९३० च्या दशकाअखेरीस त्याला शोधून काढलं. त्याचं मागणं साधं होतं : दात द्या, ट्रम्पेट द्या. पैसे जमले. विख्यात वादक सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावाने कवळी करून दिली. १९४२ साली, आयुष्यात प्रथमच, बंकचं वादन ध्वनिमुद्रित झालं. १९४४ मध्ये विल्यम रसेल यांनी न्यू ऑर्लिन्सच्या सॅन जसिंटो हॉलमध्ये आणखी मुद्रणं केली. त्यात बंक ओरडत नाही. चालीजवळ राहतो, मध्येच जागा सोडतो. त्या जागेत जॉर्ज लुईसची क्लॅरिनेट शिरते. कुठे दम अपुरा पडतो, पण चाल सुटत नाही.

चाहत्यांना मात्र तो १९०० सालचाच हवा होता. बंकला चालू जमान्यातली गाणीही आवडत. डिसेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कला त्याने आपल्या पसंतीचे, नोटेशन वाचणारे वादक घेतले आणि स्कॉट जॉप्लिनच्या रचनांबरोबर लोकप्रिय गाणीही वाजवली. ते त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण. ७ जुलै १९४९ रोजी तो वारला.

आमच्या कविसंमेलनांतही ज्येष्ठ कवीला तीस वर्षांपूर्वीचीच कविता म्हणायला लावतात. त्याने नवी काढली, की सभागृहात चुळबुळ सुरू होते. म्हणून बंकची १९४४ ची मुद्रणं जरूर ऐका. पण तिथेच थांबू नका. १९४७ चीही ऐका. ती त्याने स्वतः निवडलेली आहेत.