भिंतीवरच्या कागदाखाली

सणासुदीचे दिवस जवळ आले म्हणजे माळव्यातील वाड्यात काय किंवा गोमंतकातील कौलारू घरात काय, भिंतीवरून चुन्याचा कुंचला फिरे. गेल्या वर्षीच्या थरावर यंदाचा थर चढे. चुन्याचा एक मोठा गुण असा, की तो फारसे काही लपवीत नाही. भिंतीत ओल शिरली की पांढऱ्यावर पिवळसर डाग उमटतो, पोपडा सुटतो आणि घरातील वडीलधाऱ्यांची दृष्टी तत्काळ छपराकडे वळते. थंड देशांतील पुष्कळ घरांत मात्र भिंतीला कागद लावतात. कागद शोभिवंत दिसतो, खोलीला ऊब आल्यासारखी वाटते. पण आपल्या पाठीमागे काय चालले आहे, हे तो कुणाला सांगत नाही. असा जुना कागद उतरवून खालच्या काँक्रीटच्या भिंतीला नवे रूप देणे हे वरवर पाहता रंगाऱ्याचे काम. वस्तुतः त्यात अर्धे काम वैद्याचे आहे. मॉस्को शहरातील जुन्या पाच मजली इमारती हे याचे उत्तम उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शहरांत जागेची टंचाई विलक्षण होती. एकेका बिऱ्हाडात अनेक कुटुंबे राहत. प्रत्येकाच्या वाट्याला एखादी खोली आणि स्वयंपाकघर सर्वांत मिळून एक. ३१ जुलै १९५७ रोजी निघालेल्या सरकारी ठरावाने दहा-बारा वर्षांत ही टंचाई संपविण्याचा संकल्प सोडला. व्हिताली लागुतेन्को यांच्या के-७ सारख्या आराखड्यांनुसार भिंतीचे मोठमोठे फलक कारखान्यात ओतले जाऊ लागले. ते गाडीवरून आणावयाचे, यारीने उचलून उभे करावयाचे आणि मधले सांधे बुजवावयाचे, अशी ही रीत. पाच मजले, उद्वाहक नाही, छत सुमारे अडीच मीटर उंच आणि स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचे. या घरांवर टीका पुष्कळ झाली. तथापि स्वतःच्या दाराला स्वतःचे कुलूप लावण्याचे सुख लक्षावधी कुटुंबांना प्रथम त्यांनीच दिले. संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांची १९५९ साली रंगभूमीवर आलेली ‘मॉस्को, चेर्योमुश्की’ ही विनोदी संगीतिका याच नव्या वस्तीवर रचलेली आहे.

या भिंतींना कागद का, याचे कारण त्यांच्या जन्मातच आहे. ओला गिलावा करावयाचा म्हणजे वेळ हवा, कुशल गवंडी हवा आणि वाळण्यास ऊब हवी. कारखान्यातून आलेला फलक बराचसा गुळगुळीत असे. त्यावर कागद डकवला की खोली राहण्याजोगी होई. कागद नीट बसावा म्हणून खाली वर्तमानपत्रे चिकटविण्याचा प्रघात होता. पिठाची किंवा पिष्टाची खळ करावयाची, ‘प्रावदा’ किंवा ‘इझ्वेस्तिया’चे अंक भिंतीला लावावयाचे आणि त्यावर फुलांच्या नक्षीचा कागद चढवावयाचा. काही वर्षांनी रंग विटला की नवा कागद जुन्याच कागदावर बसे. अशा रीतीने एकेका भिंतीवर तीन-चार पिढ्यांची आवड थराथराने साठत गेली.

अशा घराचा आजचा धनी जीर्णोद्धारास हात घालतो, तेव्हा पहिला मोह असतो तो पाचव्या थराचा. खाली चार आहेतच, त्यांत आणखी एकाने काय बिघडते? बिघडते ते असे. नव्या खळीच्या ओलाव्याने जुने थर सैल होतात आणि वाळताना नवा कागद आक्रसून त्यांना ओढतो. मग कुठे फुगे येतात, कुठे कड सुटते. शिवाय पिठाची खळ हे बुरशीचे आवडते अन्न आहे. जितके थर अधिक, तितकी तिची शिदोरी मोठी. म्हणून जाणता कारागीर कागद थेट काँक्रीटपर्यंत उतरवावा असेच सांगतो.

हे काम बळाचे कमी आणि धीराचे अधिक. या इमारतींत विजेच्या तारा पुष्कळदा फलकातूनच गेलेल्या असतात. म्हणून पाणी लावण्यापूर्वी वीज तोडणे हा पहिला नियम. नंतर कागदावर पात्याने आडव्या-उभ्या रेघा ओढून कोमट पाण्याने तो भिजवितात आणि दहा-पंधरा मिनिटे थांबतात. ही प्रतीक्षा ज्याला साधत नाही, त्याच्या हाती कागदाचे कपटे आणि भिंतीवर ओरखडे येतात. खळ मुरून मऊ झाली की रुंद पात्याखाली पट्टेच्या पट्टे सुटून येतात. कागद निघाल्यावरही उरलेली खळ स्पंजाने धुऊन काढावी लागते. ती राहिली तर तिच्यावरचा रंग पुढे पोपड्यांनी निघतो.

आता भिंत उघडी पडते आणि बोलू लागते. मुठीने ठोकत गेले असता जेथे पोकळ नाद येतो, तेथील लेप सुटलेला असतो. तो पाडलाच पाहिजे. फलकांच्या सांध्यावर सरळ रेषेत भेग असते. ती इमारतीच्या आकुंचन-प्रसरणाबरोबर हलते, म्हणून नुसती भरून भागत नाही. तिच्यावर जाळीची पट्टी बसवावी लागते. तांबूस डाग दिसला तर आतील लोखंड गंजू लागले असा संशय घ्यावा. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो.

सर्वांत महत्त्वाचा कोपरा बाहेरच्या भिंतीचा. कपाटामागे तेथे बहुधा काळी बुरशी सापडते. घरातील लोक अनेकदा स्वतःलाच दोष देतात. खिडकी उघडली नाही, कपडे घरात वाळविले, इत्यादी. त्यात थोडे तथ्य असते. परंतु खरा अपराधी पुष्कळदा बाहेरचा सांधा असतो. त्यातील भरण झिजले की हिवाळ्याची थंडी आत शिरते, कोपरा गारठतो आणि खोलीतील उबदार हवेची वाफ त्यावर पाणी होऊन बसते. आतून कितीही औषध लावले तरी जोवर बाहेरून सांधा भरून निघत नाही, तोवर तो कोपरा काळाच पडावयाचा. चार थरांच्या कागदाने इतकी वर्षे हीच गोष्ट दृष्टीआड ठेवलेली असते.

निदान झाले की उपचार सोपे. भिंत पूर्ण वाळू द्यावयाची. ओळंबा लावून आणि बाजूने दिवा धरून उंचसखलपणा पाहावयाचा. गुळगुळीत काँक्रीटवर रंग सहसा धरत नाही, म्हणून योग्य अस्तराचा हात द्यावयाचा. मग लांबीचे पातळ थर एकावर एक, प्रत्येक वाळल्यावर घासून. एकदम जाड थर दिला तर तो तडकतो. शेवटी पुन्हा अस्तर आणि त्यावर आवडीप्रमाणे रंग किंवा नवा कागद.

एक प्रश्न मात्र कारागिराच्या कक्षेबाहेरचा आहे. सर्वांत खालचा थर निघू लागतो तेव्हा पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रावर एखादी तारीख दिसते. ज्या आजीने त्या वर्षी आयुष्यात प्रथम स्वतःच्या घरात खळ शिजविली, तिच्या हाताचा तो ठसा असतो. मॉस्कोत २०१७ साली जाहीर झालेल्या पुनर्बांधणी योजनेत अशा पाच हजारांहून अधिक इमारती पाडावयाच्या ठरल्या. तेथे हे थर भिंतींसकट जातात. ज्याचे घर उभे राहणार आहे, त्याने काय करावे? शहाणा धनी तारखेचा एक तुकडा अलगद सोडवून वाळवितो आणि वहीत जपून ठेवतो. भिंतीवर मात्र एक चिटोराही राहू देत नाही. आठवण आणि ओल या दोन्ही एकाच कागदाखाली नांदत असतात. आठवण वहीत राहू शकते. ओलीला घराबाहेर काढावेच लागते, कारण त्या कोपऱ्याशेजारी आता नातवाची खाट लागावयाची असते.